गाव नसलेले दगड

पुण्यात दगड एकच, काळा. टेकडीवर तोच, नदीच्या घाटावर तोच, जुन्या घरांच्या जोत्यात तोच आणि रस्ता खोदला की खालून निघतो तोही तोच. लाव्हा थंड होऊन झालेला, त्यामुळे त्यात जीवाश्म सापडायची आशा करू नये. म्हणून आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात प्राचीन जिवांचे जे काही दगड होते ते सगळे बाहेरगावचे होते. रेल्वेच्या बाकाखाली सरकवून, एसटीच्या टपावर टाकून, विद्यार्थ्यांच्या पाठीवर लादून आणलेले. मी त्या विभागात प्रयोगशाळा सहायक होते. पंचवीस वर्षं ते दगड पुसले, मांडले, वर्गात नेले, परत आणून ठेवले. त्यांतल्या छत्तीस दगडांची मी माती केली. ती कशी केली, तेवढंच इथे लिहिते.

हे छत्तीस दगड स्ट्रोमॅटोलाइट होते. नाव अवघड आहे, वस्तू सोपी आहे. गळक्या नळाखालच्या फरशीवर हिरवट बुळबुळीत थर धरतो, तसाच एक थर उथळ समुद्राच्या तळाशी धरायचा. त्यावर गाळ बसला की त्या थरातले जीव उजेडासाठी गाळाच्या वर सरकायचे आणि नवा थर धरायचे. पुन्हा गाळ, पुन्हा थर. असे पापुद्र्यावर पापुद्रे चढत जाऊन त्याचे घुमट व्हायचे, खांब व्हायचे, कुठे खांबांना फांद्या फुटायच्या. जीव मरून गेले, त्यांनी रचलेलं राहिलं. प्रोटेरोझोइक नावाच्या महाकल्पातला हा कारभार. आमचे काही नमुने शंभर कोटी वर्षांपलीकडचे, काही त्याच्याही बरेच मागचे. त्या काळात पृथ्वीवर डोळा नव्हता, तोंड नव्हतं, पाय नव्हता. कोणी कोणाला खात नव्हतं, कारण खायला तोंडच नव्हतं. हा बुळबुळीत थर तेवढा उजेड पिऊन प्राणवायू सोडत होता. आपण आज जी हवा ओढतो तिची सुरुवात त्याने केली. पुढे खरवडून खाणारे प्राणी आले आणि त्यांनी हा थर बहुतेक समुद्रांतून संपवला.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे दगड दाखवायचे तेव्हा दरवर्षी कोणीतरी विचारायचं, "मॅडम, डायनासोर नाहीये का?"

आमचे सर विभागप्रमुख होते. राहायला शनिवार पेठेत. बोलणं मोजकं, आणि मोजकं होतं तेही तिखट. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "अक्षर कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं चालणार नाही. बऱ्या अक्षराचे लोक औषधाच्या चिठ्ठ्या लिहितात. इथे नंबर लिहायचेत."

मग त्यांनी मला शेजारी बसवून नंबर टाकायला शिकवलं. दगडाच्या सपाट बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटचा नखाएवढा ठिपका द्यायचा. तो वाळला की बारीक टाकाने काळ्या शाईत नंबर. शाई वाळली की वरून बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात. मागणीपत्रात दरवर्षी नेलपॉलिश लिहिलं की ऑफिसातले हसायचे. तोच नंबर नोंदवहीत, आणि नंबरासमोर गाव, नदी किंवा ओढा, दिशा, थर कितवा ते.

"नमुन्याला गाव लागतं, बाई," सर म्हणाले होते. "गाव गेलं की तो नमुना नाही. मग तो कुत्र्याला मारायचा दगड." आणि दुसरं एक ते नेहमी म्हणायचे. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. डोळे म्हातारे होतात. नंबरावर ठेवा."

छत्तिसांतले निम्मे दगड बागलकोटच्या बाजूचे होते, निम्मे उदयपूरच्या. सरांनी ते दहा-बारा सहलींत गोळा केले होते. लग्नानंतर बायकोला घेऊन ते पहिल्यांदा बाहेरगावी गेले तेही बागलकोटच्या एका नाल्यात, असं काकूंनीच मला एकदा सांगितलं. "ह्यांनी मला हळदीकुंकवाची डबी धरायला लावतात तशी हातोडी धरायला लावली," म्हणाल्या. खंडेनवमीला आम्ही लॅबमधल्या हातोड्यांना, दगड कापायच्या यंत्राला आणि सूक्ष्मदर्शकांना झेंडू वाहायचो. सर देवाधर्मातले नव्हते. पण एक फूल ते न बोलता व्हरांड्यातल्या त्या दगडांवर ठेवायचे. एकदा मी बघितलं तेव्हा म्हणाले, "सगळ्यांत थोरले हेच. मान त्यांचा आधी."

मोठे असल्यामुळे हे दगड कपाटात मावत नव्हते. ते व्हरांड्यातल्या लाकडी पायऱ्यांवर मांडलेले होते आणि व्हरांड्यात कबुतरं होती.

मला नोकरीत पंधरा वर्षं झाली होती त्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला एक कमिटी येणार होती. सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं आणि नेमकी त्यांना कावीळ झाली. ते घरी पडून होते. कमिटी परवा येणार आणि व्हरांडा पाहण्यासारखा नव्हता. आमच्या शिपाईमामांनी दगड पाण्याने घासले, साबणाने घासले, काथ्याच्या ब्रशने घासले.

"मॅडम, निघंना," मामा म्हणाले. त्यांचं गाव आता शहरात आलं असलं तरी बोली गावातच राहिली आहे. "वरचं निघतंय, पन पांढरं जे बसलंय ना, ते लई पक्कं हाय."

हे दगड चुनखडीचे, आणि चुनखडीवर सौम्य ॲसिडचा थेंब टाकला की ती फसफसत विरघळते. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकवायची ही पहिली परीक्षा. मी ती शेकडो मुलांना करून दाखवली होती. म्हणजे काय होईल ते मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी लॅबमधली ॲसिडची बाटली काढली, बादलीत पाणी घालून आणखी पातळ केलं, मामांना रबरी हातमोजे दिले आणि सांगितलं, "नुसता हात फिरवायचा आणि लगेच पाणी मारायचं."

पहिला दगड धुतला आणि आम्ही दोघं बघत राहिलो. घाण तर गेलीच, पण वरचा कळकट थर गेल्यामुळे आतले पापुद्रे एकेक करून उठून आले. पंधरा वर्षांत ते मला इतके स्पष्ट कधी दिसले नव्हते.

"ह्यो तर चिरलेल्या कोबीवानी दिसतोय," मामा म्हणाले. "आदी का नाय केलं वो असं?"

मलाही तेच वाटलं. आम्ही उत्साहाने छत्तीसच्या छत्तीस धुतले. मी स्वतः पदर खोचून पाणी मारत होते. शेवटी बादली मोरीत रिकामी केली तेव्हा तळाशी पांढऱ्या खपल्या दिसल्या. मी एक बोटावर घेतली. तिच्यावर काळ्या शाईत चाराचा आकडा होता, अर्धा. ॲसिडने रंगाला हात लावला नव्हता. रंगाखालचा दगड खाल्ला होता, आणि ठिपके अल्लद सुटून आले होते. निम्म्याहून जास्त खपल्या मामांच्या ब्रशने आधीच मोरीतून गेल्या होत्या.

मामांना मी काही बोलले नाही. ते सांगितलेलं करत होते.

सरांना फोन करता आला असता. त्यांना कावीळ झाली आहे, हे कारण मी स्वतःला दिलं. ते कारण नव्हतं. पंधरा वर्षांत माझ्या हातून एक परीक्षानळी फुटली नव्हती आणि विभागात तशी माझी ख्याती होती. ती मला आवडत होती. कारण इतकंच.

मी नोंदवही घेऊन व्हरांड्यात बसले. कोपरा तुटलेला, मधे भेग असलेला, तळाशी लाल डाग असलेला, असे नऊ दगड मला पक्के ओळखता आले. बाकीच्या सत्तावीसांपुढे नोंदवहीत गाव व्यवस्थित होतं, वर्णनात मात्र 'करडा, मोठा' किंवा 'करडा, मध्यम' एवढंच. सरांना त्याहून जास्त लिहायची गरज वाटली नव्हती, कारण नंबर होता. दोन्हीकडचा दगड जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचा. मग मला सरांचं वर्गातलं एक वाक्य आठवलं. "बागलकोटकडचे बहुतेक घुमटासारखे, उदयपूरकडचे बहुतेक फांद्या फुटलेले." मी दोन्ही 'बहुतेक' गाळले. घुमट दिसले ते एका बाजूला ठेवले, फांद्या दिसल्या ते दुसऱ्या. त्या त्या गावाचे नंबर त्यांना वाटून टाकले. दुपारी चारपर्यंत छत्तीस ठिपके वाळले होते.

कमिटीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी दगडावरून हात फिरवला आणि "निगा उत्तम आहे" म्हणाले. आठ दिवसांनी सर आले. त्यांनीही व्हरांडा पाहिला.

"नंबर नवे दिसतायत."

"पुसट झाले होते. उजळवले," मी म्हटलं.

"अक्षर सुधारलंय, बाई."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक. ते घेऊन मी घरी गेले. विश्रांतवाडीला उतरेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली होती, की दगडच आहेत, कोण विचारतंय.

दोन वर्षं खरंच कोणी विचारलं नाही. मग निवृत्त झालेले सर एका गुरुवारी कापडी पिशवी घेऊन विभागात आले. पिशवीत मोजपट्टी, दोरा, भिंग आणि कोरी वही. "घरी बसून मंडईतल्या भावांवर बोलण्यापेक्षा हे बरं," म्हणाले. "हे छत्तीस कधी नीट मोजलेच नाहीत. नोकरीत वेळ कुठे असतो."

त्यानंतर सात वर्षं ते दर गुरुवारी येत होते. एकेका दगडासमोर स्टूल घेऊन बसायचे, पापुद्रे मोजायचे, फांद्यांचे कोन काढायचे. अकरा वाजता मी चहा द्यायचे. पहिल्या महिन्याभरात सांगायला हवं होतं. मी तसं ठरवलंही. पण पहिल्याच गुरुवारी ते इतके खुशीत होते की म्हटलं पुढच्या गुरुवारी. पुढच्या गुरुवारी त्यांनी चार दगड मोजून संपवले होते, म्हटलं आता इतकं झालंय तर थोडं आणखी होऊ दे. गुरुवार दर आठवड्याला येतो. त्याची सवय होते.

सतरा नंबरच्या दगडाशी ते एकदा बराच वेळ थांबले.

"हा उदयपूरचा?" मला विचारलं, पण स्वतःशीच बोलल्यासारखं. "मला हा आठवतो तो पुलाखालचा. मुलांनी गुडघाभर पाण्यात उतरून काढला होता. एकाची चप्पल वाहून गेली होती. पाणी तर बागलकोटला होतं. उदयपूरला आम्ही गेलो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत."

माझ्या हातात कप होता. सरांनी भिंगातून नंबर पाहिला. मग नोंदवही उघडून पाहिली.

"नाही. नंबर बरोबर आहे. माझंच चुकतंय," ते म्हणाले. "वय झालं."

मी कप त्यांच्या शेजारी ठेवला आणि आत गेले. या सगळ्या हकिगतीत मला स्वतःची किळस येते ती याच जागेवर. बादलीपाशी नाही. बादलीपाशी मी घाई केली होती. इथे घाई नव्हती. एका माणसाची खरी आठवण माझ्या खोट्या नंबरापुढे मान तुकवताना मी पाहिली, आणि साखर ढवळली आहे ना, एवढं बघितलं.

सरांना हळूहळू काय सापडत गेलं, ते वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. बागलकोटचे सगळे घुमट. उदयपूरचे सगळे फांद्यांचे. त्यावरून त्यांनी दोन समुद्र उभे केले. एक शांत आणि उथळ, एक लाटांचा. एकाच तऱ्हेचं शेवाळ, पण पाण्याप्रमाणे त्याने घरं वेगळी बांधली. हे त्यांना जन्मभर वाटत आलं होतं, म्हणूनच ते वर्गात 'बहुतेक' म्हणत होते. आता त्यांच्याजवळ पुरावा होता.

"अपवाद एकही नाही, बाई," एका गुरुवारी ते म्हणाले. "निसर्ग इतका नीटनेटका नसतो. मला खरं वाटत नव्हतं, म्हणून दोनदा मोजलं."

त्यांचं टिपण हाताने लिहिलेलं होतं. टाइप मी केलं, ऑफिसच्या वेळात, दीडशे पानं. 'एकही अपवाद आढळत नाही' हे वाक्य माझ्या बोटांनी टाइप झालेलं आहे. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती.

मग विभाग बंद करायचं ठरलं. अचानक नाही. मुलं कमी होत होत दोनावर आली होती. आमच्या जागेत संगणकाचा, डेटाचा कसलासा कोर्स सुरू व्हायचा होता. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "दगड कोणी घेत असेल तर बघा. नाहीतर मागच्या भिंतीचं काम निघालंय, भरावाला जातील." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना दगड म्हणजे दगड वाटत होता. माझ्या कर्तबगारीनंतर ते चूक नव्हतेच.

सरांनीच परगावच्या एका संग्रहालयाशी पत्रव्यवहार केला. तिथल्या बाई दगड पाहायला येणार म्हणून कळवलं. त्या दगडांबरोबर सरांचं टिपणही तिथे राहणार होतं, कोणाही अभ्यासकाला पाहता येईल असं. सरांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. ठरलेल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, टिपणाची फाईल नाडी बांधून हातात घेऊन, अर्धा तास आधी येऊन बसले. त्यांना मी प्रथमच काही न करता बसलेलं पाहिलं.

संग्रहालयाच्या बाई चाळिशीच्या आत-बाहेरच्या असतील. नम्र होत्या आणि हुशार होत्या. आधी त्यांनी कपाटातले लहान नमुने पाहिले. तिथे ॲसिड गेलं नव्हतं. "छान आहे, डॉक्युमेंटेशन एकदम क्लिअर आहे," म्हणाल्या. मग व्हरांड्यात आल्या. सरांनी दोन समुद्रांबद्दल सांगायला सुरुवात केली. त्या ऐकता ऐकता वाकून टॉर्चच्या उजेडात एक ठिपका बघत होत्या. मग दुसरा. मग चौथ्या-पाचव्या दगडाशी उकिडव्या बसल्या.

"मॅडम," त्यांनी मला विचारलं, "हे दगड ॲसिडने एच केलेत ना कधीतरी? वरचा थर खाल्लेला दिसतोय."

"एकदा धुतले होते."

"पेंट त्याच्यानंतरचा आहे. बघा ना, रंग खाचांत उतरलाय. आधीचा असता तर त्याच्या खालचा दगड सपाट राहिला असता." त्या सहज बोलत होत्या, आरोप म्हणून नाही. "म्हणजे जुने नंबर बघून वर नवे टाकलेत, की जुने गेल्यावर टाकलेत?"

सर म्हणाले, "उजळवलेत फक्त. आमच्या बाईंच्या कामात चूक निघत नाही."

मी तेव्हाही 'हो' म्हणू शकले असते. त्या बाईंनी मान्य केलं असतं. दगड खोक्यांत भरले गेले असते, सरांची फाईल त्यांच्याबरोबर गेली असती आणि ते समाधानाने घरी गेले असते. मग पन्नास वर्षांनी कोणीतरी विद्यार्थी ते टिपण उघडून दोन समुद्रांवर आपलं काम उभं करणार, मग त्याच्यावर आणखी कोणी. माझ्या एका दुपारचं खोटं शिकवत राहणार. माझ्या डोळ्यांसमोर सर होते, हा विद्यार्थी नव्हता. तरी मी सांगितलं. कदाचित सरांचं शेवटचं वाक्य सहन झालं नाही.

"जुने गेल्यावर टाकलेत," मी म्हटलं. "अंदाजाने."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दगडांकडे पाहत विचारलं, "किती?"

"नऊ नक्की आहेत. सत्तावीस अंदाजाने."

"अंदाज कशावरून?"

"आकारावरून. तुम्ही वर्गात म्हणाला होतात, इकडचे घुमट आणि तिकडचे फांद्यांचे."

"मी बहुतेक म्हटलं असेन."

"हो. बहुतेक म्हणाला होतात."

ते म्हणाले, "म्हणजे सात वर्षं मी माझंच वाक्य मोजत होतो." फाईलची नाडी बांधलेलीच होती. ती त्यांनी सोडली आणि पुन्हा बांधली.

संग्रहालयाच्या बाई अवघडून गेल्या होत्या. दगडाच्या चकत्या कापून, रसायनं तपासून निदान कोणता कुठल्या बाजूचा ते काढता येईल, असं म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या की त्याला मनुष्यबळ लागेल, आणि तरी नेमकं ठिकाण मिळणार नाही. पूल कोणता, ओढा कोणता, हे दगड सांगत नाही. त्यांनी कपाटातले लहान नमुने घेतले. ते नऊ मोठे घ्यायलाही त्या तयार झाल्या नाहीत. "तुम्ही नक्की म्हणताय, मॅडम, पण आता..." एवढंच बोलल्या. बरोबर होतं. मीही घेतले नसते.

सर त्यानंतर विभागात आले नाहीत. दोन गुरुवार वाट पाहून मी शनिवार पेठेत त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट बंद. काकूंनी दार उघडलं. त्या माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या, त्यावरून त्यांना सगळं माहीत आहे हे कळलं. सर खुर्चीत पेपर वाचत होते.

"या. बसा," म्हणाले. पेपर खाली ठेवला नाही.

मी माफी मागायला गेले होते. मागितली. ते पेपरातूनच म्हणाले, "गुरुवारी चहा आणून द्यायचात, तेव्हाही तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"सातही वर्षं?"

"हो."

"साखर मात्र दरवेळी बरोबर असायची."

काकू आत गेल्या. मला वाटलं होतं त्यांनी ओरडावं. ओरडले असते तर मी खाली मान घालून ऐकलं असतं आणि एका कामाचा निकाल लागला असता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेबात न बसलेली एखादी गोष्ट तपासून बाजूला ठेवावी, तसा आवाज होता.

निघताना मी विचारलं, "सतरा नंबरचा पुलाखालचा होता का, सर? तेवढा एक तरी?"

आता त्यांनी पेपर खाली घेतला.

"ते आता कसं सांगू? तुमचा नंबर बघून मी पूल विसरायचा ठरवला. चप्पलही विसरायची ठरवली. ठरवून विसरलेलं परत येत नाही, बाई. आता मला दोन्हीकडे पाणी दिसतं."

दाराशी फोनच्या शेजारी पाठकोऱ्या कागदांच्या चतकोर चिठ्ठ्या पिनेत अडकवून ठेवलेल्या होत्या. वरच्या चिठ्ठीवर काकूंनी दुधीभोपळा, आलं आणि अर्धा डझन लिंबं लिहिलं होतं. कागद मी ओळखला. मागच्या बाजूला फांद्यांच्या कोनांचा तक्ता होता, मीच टाइप केलेला. टिपणाची एवढीच एक प्रत आहे का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

खरं सांगितलं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. खोटं होतं तेव्हा निदान एका माणसाचा गुरुवार चांगला जात होता. खरं सांगून दगड वाचले नाहीत, विज्ञानाचं काही भलं झालं नाही, फक्त एक चूक पुढे जायची थांबली. ते सत्तावीस दगड समुद्र आटला तेव्हा टिकले, वर डोंगर चढले तेव्हा टिकले, डोंगर झिजून गेले तेव्हाही टिकले. त्यांच्याबद्दल माणसाला जी एक गोष्ट कळली होती, ते कुठले, ती मी एका सकाळी मोरीत ओतली. ती आता कोणालाच कधी कळायची नाही. यावर उपाय नाही, हे लिहिणं हाही उपाय नाही.

विभाग बंद झाल्यावर माझी बदली परीक्षा विभागात झाली. काम बरं आहे. दगड मागच्या भिंतीच्या भरावात गेले नाहीत. ते मोठे आणि गोलसर म्हणून कोणाला तरी आवडले. फाटकाशी अशोकाची नवी झाडं लावली आहेत, त्यांना ते आळ्यासारखे लावून टाकले. मुलं त्यांच्यावर बसून मोबाइल बघतात.

मागच्या जानेवारीत, झेंडावंदनाच्या तयारीत, मामा त्या दगडांना गेरू लावत होते. त्यांच्याही निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत. मी आत शिरत होते तेव्हा ब्रश वर धरून त्यांनी मला थांबवलं.

"मॅडम, ह्यातला सगळ्यांत म्हातारा कंचा वो?"

"सांगता यायचं नाही, मामा."

"ऱ्हाऊ द्या. आन ह्ये बघा ना," त्यांनी ब्रशच्या टोकाने दाखवलं. "एक हात दिला, तरी पांढरे ठिपके वर दिसाय लागल्यात. आकडा बी दिसतोय. पाव्हणे येनार, बरं दिसत न्हाई. दुसरा हात देऊ का?"

मी वाकून पाहिलं. गेरूच्या आत माझंच अक्षर होतं. सतरा.

"द्या," मी म्हटलं. "जाड द्या."